हरभऱ्याची मर की पाण्याचा ताण? झाडाच्या आत काय चाललंय ते कुंडीतल्या प्रयोगातून कसं बघायचं

हरभरा सुकायला लागला की वरून सगळं सारखंच दिसतं. मर रोग असो, पाणी कमी पडलेलं असो नाहीतर कोरडी मूळकूज असो, झाड मान टाकतं, पानं फिक्कट होतात आणि बांधावर उभं राहून आपण अंदाज बांधत बसतो. पण झाडाच्या आत या तिन्ही वेळी वेगवेगळं चाललेलं असतं आणि ते बघता येतं, त्यासाठी परदेशातलीच लॅब लागते असं काही नाही. कृषी कॉलेजातल्या एमएस्सीच्या किंवा बायोटेकच्या शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींना एका रबी हंगामात नीट करता येईल असा हा प्रयोग आहे, तो कसा मांडायचा, सॅम्पल कधी घ्यायचं आणि आलेला आकडा कसा वाचायचा ते सांगतो. शेतकरी मित्रांनी निदान पहिला भाग तरी वाचा, त्याला चाकूशिवाय काही लागत नाही.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मरीला बळी पडणारं वाण आणि मरीला दाद न देणारं वाण, दोघांकडेही बचावाची बहुतेक जीन्स असतातच. बळी पडणारं झाड काहीच करत नाही असं नसतं, ते पण धडपडतं, पण उशिरा. तग धरणारं झाड बुरशीला मुळाशीच ओळखतं आणि लगेच कामाला लागतं. म्हणजे खरा फरक वेळेचा असतो. म्हणून पानं पिवळी पडल्यावर घेतलेलं सॅम्पल मला फारसं कामाचं वाटत नाही, तेव्हा निकाल लागून गेलेला असतो. सॅम्पल घ्यायचं ते झाड अजून हिरवंगार दिसत असताना.

शेतात आधी काय बघायचं

सुकलेलं झाड हळूच मुळासकट उपटा, ओढून काढू नका, खुरप्यानं माती सैल करून काढा. सोटमुळापासून खोडाच्या खालच्या भागापर्यंत चाकूनं उभा छेद घ्या. मर असेल तर मधोमध तपकिरी-काळसर रेघ दिसते, ती झायलमची, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची. बाहेरून मूळ बऱ्यापैकी धडधाकट दिसतं, कुजलेलं नसतं, इथेच लोक फसतात. कोरड्या मूळकुजीत उलटं असतं, बाजूची बारीक मुळं गळून गेलेली असतात, सोटमूळ वाळक्या काडीसारखं कटकन मोडतं आणि झाड गवती रंगाचं होऊन वाळतं. नुसताच पाण्याचा ताण असेल तर आतला भाग पांढरा स्वच्छ असतो आणि सुरुवातीच्या दिवसांत झाड दुपारी मान टाकून सकाळी परत ताठ होतं. तेव्हा एकदा दुपारी दोनला आणि एकदा सकाळी सातला त्याच झाडाकडे बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

आत काय चालतं, थोडक्यात

मर रोगाची बुरशी म्हणजे फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम, त्यातला हरभऱ्यावरचा सिसेरी प्रकार. ही जमिनीत राहते, पीक नसलं तरी सहा-सहा वर्षं टिकते, मुळाच्या कोवळ्या टोकातून आत शिरते आणि झायलममध्ये जाऊन वाढते. तिच्या पेशीभित्तिकेतलं कायटिन झाडाच्या पेशीवरचे रिसेप्टर ओळखतात. ओळख पटली की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम घुसतं, एमएपी कायनेज नावाच्या एन्झाइमांची साखळी एकामागून एक चालू होते आणि पेशीच्या बाहेरच्या बाजूला हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. त्यानंतर पीआर प्रोटीन्सची, म्हणजे रोगाच्या हल्ल्यात झाड बनवतं त्या बचावाच्या प्रोटीन्सची जीन्स चालू होतात, त्यातलं कायटिनेज आणि ग्लुकानेज थेट बुरशीची भिंत तोडतात. पीएएल हे एन्झाइम वाढतं आणि त्या वाटेनं एकीकडे लिग्निन बनून पेशीभिंत जाड होते, दुसरीकडे मेडिकार्पिन आणि माकियाइन ही हरभऱ्याची स्वतःची बुरशीनाशक द्रव्यं बनतात. बुरशी पण गप्प बसत नाही, ती फ्युजारिक अ‍ॅसिडसारखं विष सोडते. नळ्या बुरशीनं आणि झाडाच्याच बचावाच्या पदार्थांनी चोंदतात, मग जमिनीत ओल असूनही पाणी वर चढत नाही.

पाण्याच्या ताणाची वाट वेगळी आहे. माती वाळायला लागली की झाडात एबीए, म्हणजे अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड वाढतं, ते बनवण्यातलं कळीचं एन्झाइम एनसीईडी. हे एबीए पीवायआर-पीवायएल नावाच्या रिसेप्टरला चिकटतं (हे रिसेप्टर २००९ साली सापडले, तोवर एबीए काय करतं ते माहीत होतं पण ते पकडतं कोण हे पक्कं कळत नव्हतं). रिसेप्टरला एबीए मिळालं की तो पीपी२सी नावाच्या फॉस्फेटेजला धरून ठेवतो. हे पीपी२सी म्हणजे गाडीच्या चाकाखाली लावलेली उटी, ती निघाली की एसएनआरके२ नावाचं कायनेज सुटतं, ते पानाच्या छिद्रांजवळच्या पेशींमधली अ‍ॅनायन चॅनेल उघडतं, पेशीतले क्षार बाहेर जातात, पाणी त्यांच्यामागे जातं, पेशी सैल पडतात आणि छिद्र मिटतं. याच कायनेजमुळे एबीएफ गटातले ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जीन्स चालू-बंद करणारी प्रोटीन्स, जागे होतात आणि पेशीला वाळण्यापासून जपणारी एलईए प्रोटीन्स, डीहायड्रिन्स यांची जीन्स चालू होतात. डीआरईबी२ या दुसऱ्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरची वाट याला समांतर चालते, तिला एबीएची गरज असतेच असं नाही. ताणात प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल वाढतं ते पी५सीएस एन्झाइममुळे.

आता खरी मजा इथे आहे. एबीएची वाट आणि रोगाविरुद्धची सॅलिसिलिक अ‍ॅसिडची वाट बऱ्याचदा एकमेकींना दाबतात. म्हणजे पाण्यासाठी तहानलेलं झाड रोगाशी लढायला तेवढं मोकळं नसतं. तापमान ३० अंशांच्या वर आणि जमिनीत ओल कमी अशा वेळी हरभऱ्यावर कोरडी मूळकूज जास्त येते, मध्य आणि दक्षिण भारतात हा रोग वाढत चाललाय, आणि आपला कोरडवाहू हरभरा फुलोऱ्यापासून घाटे भरेपर्यंत नेमका त्याच परिस्थितीत असतो. म्हणून नुसता रोग किंवा नुसता ताण असा प्रयोग करण्यापेक्षा दोन्ही एकत्र असलेला एक गट ठेवाच, त्यातून येणारं चित्र दोन्हींची बेरीज नसतं.

वाणं आणि कुंड्या

बळी पडणारं म्हणून जेजी ६२ घ्या. मरीच्या चाचणीत हे वाण सगळीकडे तुलनेला वापरतात, ते लवकर मरतं, शिवाय याच्या एकाच पेऱ्यावर दोन घाटे लागतात त्यामुळे बियाण्यात भेसळ झालीय का तेही नंतर कळतं. प्रतिकारक म्हणून राहुरी विद्यापीठाचं दिग्विजय किंवा विजय. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत याच वाणांवर बरंच काम झालंय, त्यामुळे तुमचे आकडे ताडून बघायला आधार मिळतो. पाण्याच्या ताणासाठी आयसीसी ४९५८ मिळालं तर सोन्याहून पिवळं, खोल आणि भरघोस मुळांसाठी ते ओळखलं जातं. बियाणं विद्यापीठाच्या कडधान्य विभागाकडून किंवा हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या जीनबँकेतून मागवता येतं. बुरशीचं कल्चर आपल्याच वनस्पती रोगशास्त्र विभागात असेल, नसेल तर दिल्लीच्या आयएआरआय या कृषी संशोधन संस्थेतल्या टाइप कल्चर कलेक्शनला विचारा. कल्चर कुठल्या रेसचं (बुरशीच्या पोटप्रकाराचं) आहे ते लिहून घ्या, कारण एका रेसला टिकणारं वाण दुसऱ्या रेसला पडू शकतं.

माती आणि वाळू मिसळून ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करा. प्रत्येक कुंडीत माती वजन करून सारखीच भरा, हे काम कंटाळवाणं आहे पण पुढचा पाण्याचा हिशेब यावरच चालतो. हिशेब असा, कुंडीत २ किलो कोरडी माती आहे, भरपूर पाणी देऊन रात्रभर निथळू दिलं आणि सकाळी वजन केल्यावर मातीत ६०० ग्रॅम पाणी धरलेलं निघालं, तर ही झाली पूर्ण क्षमता. पाणी नीट दिलेल्या कुंडीत ८० टक्के म्हणजे ४८० ग्रॅम आणि ताणाच्या कुंडीत ४० टक्के म्हणजे २४० ग्रॅम पाणी राहील असं रोज वजन करून पाणी घाला. रोज म्हणजे रोज, रविवारी पण. कुंडीचं स्वतःचं वजन धरायला विसरू नका.

गट चार होतील: काहीच नाही, फक्त ताण, फक्त बुरशी, दोन्ही. हे प्रत्येक वाणाला. बुरशीसाठी पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोजच्या) माध्यमावर वाढवलेल्या कल्चरचे बीजाणू पाण्यात घेऊन हीमोसायटोमीटरवर (पेशी मोजायची आखलेली काच) मोजा आणि मिलीला १० लाख या प्रमाणात आणा. आठ-दहा दिवसांची रोपं वाळूतून अलगद काढा, मुळं धुवा, टोकं किंचित कापा, बीजाणूंच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा आणि कुंडीत लावा. बुरशी नसलेल्या गटातल्या रोपांनाही अगदी हेच सगळं करायचं, फक्त साध्या निर्जंतुक पाण्यात. मूळ कापणं, धुणं, उपटणं हा पण झाडाला धक्काच आहे, त्यानं जखमेची जीन्स चालू होतात. हा तुलनेचा गट नीट नसेल तर तुम्ही मोजाल ती जखम आणि नाव द्याल बुरशीचं. तापमान २५ अंशांच्या आसपास ठेवा. जेजी ६२ साधारण दोन-तीन आठवड्यांत मान टाकायला लागतं, त्यातली काही रोपं सॅम्पल न घेता तशीच राखून ठेवा म्हणजे रोग खरंच लागला होता हे दाखवता येईल.

सॅम्पल कधी आणि कसं

बुरशीच्या गटात मुळं घ्यायची, कारण लढाई तिथे आहे. ६ तास, २४ तास, ४८ तास, ७२ तास, ५ दिवस, ७ दिवस असे टप्पे ठेवा. आणि दर टप्प्याला तुलनेच्या गटातलं पण सॅम्पल घ्या. बरेच जण शून्य तासाला एकदाच कंट्रोल घेतात आणि सगळं त्याच्याशी ताडतात, हे चालत नाही, कारण झाडाचं स्वतःचं दिवस-रात्रीचं घड्याळ असतं, सकाळी नऊला जे जीन शांत असतं ते दुपारी तीनला आपोआप वर गेलेलं असू शकतं, त्यात ना बुरशीचा हात ना ताणाचा. शक्य असेल तिथे दिवसाची वेळ तीच ठेवा.

ताणाच्या गटाला मात्र तास मोजून उपयोग नाही. माती हळूहळू वाळते, ढगाळ हवेत सावकाश, उन्हात भरभर. तिथे टप्पा ठरवायचा तो पानातल्या पाण्यावरून, म्हणजे आरडब्ल्यूसीवरून (पूर्ण फुगलेलं पान जेवढं पाणी धरतं त्याच्या किती टक्के आत्ता त्यात आहे). पंधराएक पर्णिका तोडून लगेच वजन करा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये चार तास ठेवा, टिपकागदानं कोरड्या करून परत वजन करा, मग ८० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून तिसरं वजन. ताज्या वजनातून कोरडं वजा करा, फुगलेल्या वजनातून कोरडं वजा करा, पहिल्याला दुसऱ्यानं भागा आणि शंभरानं गुणा. पाणी नीट मिळालेल्या झाडात साधारण ८५ ते ९० टक्के येतं. ७५ च्या आसपास एक सॅम्पल आणि ६० च्या आसपास दुसरं घ्या. हरभऱ्याची पर्णिका एवढीशी असते की एकेकटीचं वजन करत बसलात तर काट्याच्या चुकीतच सगळं जाईल, म्हणून पंधरा एकत्र.

आरएनएसाठी तोडलेलं मूळ किंवा पान दहा-पंधरा सेकंदांत लिक्विड नायट्रोजनमध्ये गेलं पाहिजे. तोडल्याक्षणी झाड त्या तोडण्याला पण प्रतिसाद देतं आणि तुम्हाला तो नकोय. मुळाची माती झटकन पाण्यात हिसळून टिपून घ्या, घासत बसू नका. फॉइलचे तुकडे आदल्या दिवशी कापून, नावं लिहून तयार ठेवा, ऐनवेळी गारठलेल्या फॉइलवर काहीही उमटत नाही. कॉलेजात लिक्विड नायट्रोजन नसेल तर जवळच्या पशुसंवर्धनवाल्यांकडे चौकशी करा, कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात त्यामुळे त्यांच्याकडे त्याचा नियमित पुरवठा असतो. हातमोजे आणि चष्मा घाला, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि कॅनचं झाकण घट्ट बंद करू नका. नंतर उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये.

एका सॅम्पलमध्ये चार-पाच रोपांची मुळं एकत्र करा, आणि अशी तीन वेगवेगळी सॅम्पलं प्रत्येक टप्प्याला. एकाच नळीतला आरएनए तीनदा मशीनमध्ये घातला म्हणून तीन सॅम्पलं होत नाहीत, हे पिपेटिंगचं तपासणं झालं, झाडांचं नाही.

कमी खर्चातल्या दोन चाचण्या

पहिली डीएबी या रंग देणाऱ्या रसायनाची. हायड्रोजन पेरॉक्साइड जिथे झालंय तिथे तपकिरी रंग चढतो, डोळ्यांनी दिसतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रयोगातलं सगळ्यात सुंदर दृश्य हेच. मिलीला १ मिलिग्रॅम डीएबी, पीएच ३.८, ताजंच बनवायचं आणि फॉइल गुंडाळून ठेवायचं. त्यात मुळाचे तुकडे किंवा पानं सहा ते आठ तास अंधारात ठेवा, मग अल्कोहोलमध्ये गरम करा. हे वॉटर बाथवर करायचं, उघड्या ज्योतीवर कधीच नाही. हिरवा रंग निघून जातो आणि तपकिरी ठिपके उरतात. डीएबी अंगाला लागणं धोक्याचं आहे, हातमोज्यांशिवाय हात लावू नका. पानं घेणार असाल तर आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलकेच धुवा. हरभऱ्याच्या पानावरच्या बारीक केसांतून आम्ल झरतं, त्याचीच आपल्याकडे थंडीत पहाटे कापड पसरून आंब काढतात. शेतातून दोन-चार ओळी चालून आलात तरी बोटं आंबट लागतात इतकं ते असतं, आणि एवढं आम्ल पानासोबत नळीत गेलं तर कुठल्याही चाचणीचा पीएच बिघडवू शकतं.

२४ तासांच्या टप्प्याला दिग्विजय आणि जेजी ६२ ची मुळं शेजारी शेजारी ठेवून बघा. रंग कुठे आहे, किती आहे हे तर बघाच, पण कधी आला हे टप्प्याटप्प्याच्या फोटोंवरून बघा. फोटो सगळे एकाच प्रकाशात, एकाच अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून.

दुसरी प्रोलीनची, बेट्स यांची १९७३ ची पद्धत, अजूनही सगळीकडे तीच चालते. अर्धा ग्रॅम पान ३ टक्के सल्फोसॅलिसिलिक अ‍ॅसिडच्या १० मिलीमध्ये वाटा, गाळा. त्यातलं २ मिली घ्या, २ मिली अ‍ॅसिड निनहायड्रिन आणि २ मिली ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड घाला, १०० अंशांवर एक तास, मग थेट बर्फात. ४ मिली टोल्यूइन घालून जोरात हलवा, वरचा लालसर थर काढा आणि ५२० नॅनोमीटरला वाचा. टोल्यूइनचं काम फ्यूम हूडमध्येच. शुद्ध प्रोलीनचा स्टँडर्ड कर्व्ह त्याच दिवशी काढा, मागच्या बॅचचा उसना घेऊ नका.

प्रोलीनबद्दल एक सांगायलाच हवं. प्रोलीन जास्त म्हणजे वाण ताणाला जास्त सहनशील, असं सरसकट लिहिलेलं खूप ठिकाणी दिसतं. ते तसं नाही. ज्या वाणाला ताण जास्त बसलाय त्याच्यातही प्रोलीन जास्त येतं. खोल मुळांनी पाणी शोषत राहिलेल्या झाडाला ताण बसलाच नसेल तर त्याचं प्रोलीन कमीच असणार, आणि ते तुमचं चांगलं वाण आहे. म्हणून प्रोलीनचा आकडा नेहमी त्याच झाडाच्या आरडब्ल्यूसीच्या शेजारी ठेवून वाचा. दोन वाणांचं आरडब्ल्यूसी सारखं असताना प्रोलीन वेगळं निघालं तर त्याला काही अर्थ आहे.

आरएनए ते क्यूपीसीआर

जीन किती चालू आहे हे त्याच्या आरएनएच्या प्रमाणावरून कळतं आणि ते प्रमाण क्यूपीसीआर मशीननं मोजतात. इथे घाई केली की सगळं जातं. खल-बत्ता आधी लिक्विड नायट्रोजननं गार करून घ्या, पावडर पिठासारखी मऊ झाली पाहिजे आणि ट्रायझॉल (आरएनए काढायचं द्रव) पडेपर्यंत ती वितळता कामा नये. मुळांत पॉलिसॅकराइड आणि फिनॉल त्रास देतात, आरएनए चिकट आला तर सीटॅब या डिटर्जंटच्या पद्धतीकडे वळा. प्रकाश शोषणाचा २६०/२८० चा आकडा २ च्या आसपास आणि २६०/२३० चा पण २ च्या जवळ हवा, दुसरा खूप खाली असेल तर आत मीठ किंवा साखर राहिलीय. जेलवर दोन ठळक पट्टे दिसले पाहिजेत. पानाच्या आरएनएत त्यांच्या खाली आणखी पट्टे दिसतात, ते क्लोरोप्लास्टच्या रायबोसोमचे असतात, ते बघून आरएनए तुटला असं समजून सॅम्पल फेकून देऊ नका. तुटलेला आरएनए खाली पुसट धुरासारखा पसरतो.

डीएनेज द्या, म्हणजे सोबत आलेला डीएनए तुटेल. मग सगळ्या सॅम्पलांचा सारखाच, समजा १ मायक्रोग्रॅम आरएनए घेऊन सीडीएनए (आरएनएची डीएनएत केलेली नक्कल) बनवा, आणि एक नळी रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घालता पण ठेवा. तिच्यात सिग्नल आला तर डीएनए शिल्लक आहे.

जीन्स किती घ्यायची? थोडी घ्या आणि नीट करा. रोगाच्या बाजूनं कायटिनेज, पीएएल आणि मेडिकार्पिनच्या वाटेवरचं चाल्कोन सिंथेज, ताणाच्या बाजूनं एनसीईडी, पी५सीएस आणि एक डीहायड्रिन, एवढं पुष्कळ झालं. हरभऱ्याचा जीनोम २०१३ साली वाचून झाला, साधारण २८ हजार जीन्स त्यात नोंदवलेली आहेत, सगळं एनसीबीआयच्या वेबसाइटवर फुकट बसलंय. कायटिनेजची एकाहून जास्त जीन्स आहेत, म्हणून प्रायमर (जीनवर नेमका बसणारा डीएनएचा छोटा तुकडा) बनवल्यावर तो परत पूर्ण जीनोमवर ब्लास्ट करून, म्हणजे शोधून, एकाच ठिकाणी बसतोय ना ते बघा. तुकडा ८० ते २०० बेसचा, आणि जमलं तर दोन एक्झॉनच्या सांध्यावर बसणारा. प्रत्येक प्रायमरची एफिशियन्सी सीडीएनए पातळ करत करत काढा, ९० ते ११० टक्क्यांत यायला हवी, आणि मेल्ट कर्व्हला एकच टोक.

रेफरन्स जीनवर सगळ्यात जास्त वेळ द्या असं मी आवर्जून म्हणेन. जे जीन सगळ्या गटांत सारखं राहतं असं आपण गृहीत धरतो तेच ताणात हललं तर बाकीचे सगळे आकडे खोटे पडतात. ईएफ१ अल्फा, आयएफ४ए, जीएपीडीएच असे दोन-तीन घ्या, तुमच्याच सगळ्या सॅम्पलांवर लावून बघा आणि जे स्थिर निघतील ते दोन वापरा. कुणाच्या पेपरात वापरलं होतं हे पुरेसं कारण नाही, त्यांच्या कुंड्या वेगळ्या होत्या.

हिशेब लिव्हाक आणि श्मिटगेन यांच्या २००१ च्या पद्धतीचा, डेल्टा डेल्टा सीटी. सीटी म्हणजे मशीनला सिग्नल दिसेपर्यंत लागलेल्या चक्रांची संख्या. उदाहरण घेऊ. तुलनेच्या गटात कायटिनेजचं सीटी २७ आणि रेफरन्सचं १९, फरक ८. बुरशीच्या गटात कायटिनेज २४, रेफरन्स १९, फरक ५. आता ५ वजा ८ म्हणजे उणे ३, आणि दोनाचा तिसरा घात ८, म्हणजे कायटिनेजचा एमआरएनए (जीन चालू झाल्यावर निघणारी त्याची आरएनए प्रत) आठपट झाला. सीटी कमी म्हणजे प्रमाण जास्त, हे उलटं आहे हे सुरुवातीला चुकतंच, भिंतीवर लिहून ठेवा. आणि स्टॅटिस्टिक्स करायचं ते पटींवर नाही, डेल्टा सीटीच्या आकड्यांवर, कारण पटींचे आकडे एका बाजूला ताणलेले असतात.

आकडे वाचताना

आलेल्या आकड्यांचा वेळेनुसार आलेख काढा, दोन्ही वाणांची रेघ एकाच चौकटीत. समजा दिग्विजयमध्ये पीएएल २४ तासांना वर गेलं आणि जेजी ६२ मध्ये ५ दिवसांना गेलं, तेही दिग्विजयपेक्षा उंच. नुसता सर्वात मोठा आकडा बघणारा म्हणेल की जेजी ६२ जास्त लढतंय. पण तोवर बुरशी झायलममध्ये पोचलेली असते, तो उंच आकडा घर पेटल्यानंतरचा आहे. म्हणून निष्कर्ष लिहिताना कधी वाढलं हे आधी लिहा, किती वाढलं हे नंतर. त्याच मुळातली बुरशी किती आहे हे पण बुरशीच्या आयटीएस या डीएनए-भागाच्या प्रायमरनं मोजता आलं तर चित्र पूर्ण होतं, कारण बुरशीच कमी पोचली असेल तर प्रतिसाद कमी दिसणारच.

एमआरएनए वाढला म्हणजे प्रोटीन वाढलंच असंही नाही, आणि प्रोटीन वाढलं म्हणजे त्यानंच झाड वाचवलं असंही नाही. तुमच्या प्रयोगातून एवढंच म्हणता येतं की हे जीन प्रतिकारक वाणात लवकर चालू होतं. तेवढं म्हणणं पण पुरेसं मोलाचं आहे, त्यापुढे ताणू नका.

याचा शेताला उपयोग काय, असं कुणी विचारलं तर हरभऱ्याचंच उदाहरण द्या. डब्ल्यूआर ३१५ या वाणातला मरीचा प्रतिकार डीएनए मार्करच्या मदतीनं जुन्या अण्णिगेरी १ मध्ये आणून सुपर अण्णिगेरी १ तयार झालं. आयसीसी ४९५८ मधला मुळांशी आणि ताण सोसण्याशी संबंधित क्रोमोसोमचा तुकडा पुसा ३७२ मध्ये आणून पुसा चना १०२१६ झालं. ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया पण नुसती बुरशीला खाते एवढ्यासाठी नसते, मुळाशी असलेल्या ट्रायकोडर्मामुळे झाडाची बचावाची यंत्रणा आधीच सावध होते आणि खरा हल्ला झाला की ती लवकर उठते. चार गटांच्या जोडीला ट्रायकोडर्मा लावलेला पाचवा गट ठेवलात तर हे तुम्हालाच दाखवता येईल, जेजी ६२ ची रेघ थोडी डावीकडे सरकते का ते बघायचं.

शेवटी राखून ठेवलेली मेलेली रोपं घ्या. खोडाचे छोटे तुकडे १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक-दोन मिनिटं, मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुऊन पीडीएवर ठेवा. चार-पाच दिवसांत पांढरी कापसासारखी वाढ येते, मायक्रोस्कोपखाली कोयत्याच्या आकाराचे बीजाणू दिसले की फ्युजेरियमच परत मिळालं. याचा फोटो प्रबंधात लावा. आणि कुंड्यांमधली माती, मुळं, धुतलेलं पाणी, सगळं ऑटोक्लेव्ह करूनच टाका, कॉलेजच्या शेतात किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात ती माती गेली तर पुढची सहा वर्षं तिथे हरभरा नीट येणार नाही.